दुसऱ्या घंटेपर्यंत

दोष ओनोफ्रेचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण मनोऱ्याखालच्या बाकावर बसलेल्या त्या म्हाताऱ्यांना विचारलंत तर ते गोलगोल फिरवतील. नशीब म्हणतील, ऊन म्हणतील, देवाची मर्जी म्हणतील, आणि वर तुमच्याकडून वाइनचा एक पेला उकळतील. पेन्याकोर्वा गावात प्रत्येक तासाची घंटा दोनदा वाजते याला कारण ओनोफ्रे नावाचा एक घड्याळवाला आणि त्याच्या पोटातली जळजळ. बाकीची सगळी नंतर केलेली सजावट.

आत्ता वाजेल तेव्हा नीट ऐका. ठोके पडतील, आणि कोणीही हलणार नाही. एकही शटर वर जाणार नाही, एकही दार उघडणार नाही. मधे थोडा वेळ जाईल. मग तेच ठोके पुन्हा पडतील आणि सगळ्या गावातून एकदम खुर्च्या सरकल्याचा आवाज येईल. आपल्याकडची माणसं इथे फिरायला आली की मला, गाव दाखवणाऱ्याला, हमखास विचारतात: भर दुपारी गाव मेल्यासारखं बंद का, डोकेदुखीची गोळीसुद्धा मिळत नाही, रात्रीचं जेवण दहाला का, ही माणसं आळशी आहेत का. कॉलेज अर्धवट सोडून इथल्या खानावळीत ताटं उचलायला आलो तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. मग हळूहळू त्यांचा हेवा वाटायला लागला. आणि हेवा आतून कसा असतो ते कळल्यावरच ही गोष्ट मला नीट कळली.

असं सांगतात, की मनोऱ्यावर पहिलं घड्याळ आलं तेव्हा त्याला एकच काटा होता आणि आवाज नव्हता. घंटा शेजारी वेगळी टांगलेली, तिला दोर. काट्याकडे बघायचं आणि दोर ओढायचा, एवढ्यासाठी गावाने एक माणूस नेमलेला. ते काम बाल्तासार नावाच्या म्हाताऱ्याकडे होतं. त्याला दोन मुलगे. थोरला ओनोफ्रे, धाकटा सेलेदोनियो. मरताना म्हाताऱ्याने वाटणी केली. मनोऱ्याची किल्ली थोरल्याला, आणि घरातलं अक्रोडाच्या लाकडाचं लांबलचक मेज धाकट्याला. "ओनोफ्रेला वेळ दिली, सेलेला मेज," असं म्हणाला म्हणे, आणि समाधानाने डोळे मिटले. म्हातारी माणसं हे फार छान करतात. भांडण पेरायचं, त्यावर एक सुंदर वाक्य शिंपडायचं आणि निघून जायचं.

सुरुवातीला ओनोफ्रे खूश होता. का नसेल? गावाच्या चारी बाजूंनी जमीनदाराचा गहू. कापणीला माणसं उजाडायच्या आत जात, डोक्यावर सूर्य आला की परत येत, जेवत, सावलीत पडत, आणि दुपार ढळली की पुन्हा शेतात जाऊन अंधार पडेपर्यंत राबत. पुन्हा कधी जायचं ते ओनोफ्रे ठरवायचा. त्या घंटेला उठायची घंटा म्हणत. ती वाजली की पुरुष, बायका, जमीनदाराचं खेचरसुद्धा उठून उभं राहायचं. एक माणूस दोर ओढतो आणि गाव उठतं, यापेक्षा जास्त मान कुठला?

सेलेदोनियोचं मात्र हसं झालं. मेज एवढं लांब, की त्याच्या घराच्या दारातून आतच जाईना. पाय कापायचे म्हटले तरी जाईना. शेवटी त्याने ते अंगणात तुतीच्या झाडाखाली ठेवलं आणि तिथेच जेवायला लागला. आता बाहेर बसून जेवणाऱ्या माणसाला येणारा-जाणारा हाक मारणारच. पहिल्या दिवशी शेजारी भिंतीवरून डोकावला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी तो आपली खुर्ची घेऊन आला. मग त्याची बायको, मग लोहार, मग कापणीवाल्या बाया. प्रत्येकाने आपली खुर्ची आणायची, आपली भाकर आणायची, ऑलिव्ह आणि खरबूज सेलेदोनियोचं.

आपल्याकडे ताटं उचलली की जेवण संपलं. इथे ताटं उचलली की खरं जेवण सुरू होतं. त्याला ते सोब्रेमेसा म्हणतात. पोट भरल्यावरही मेजाशीच बसून राहायचं आणि बोलायचं. तेव्हा त्या मेजाशी लग्नं जमली, विहिरीच्या पाळीची भांडणं मिटली, एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन मेव्हणे एका खरबुजाच्या फोडीवरून पुन्हा बोलायला लागले, असं सांगतात. सेलेदोनियो काही शहाणा नव्हता. तो फक्त कोणाला "चला आता" म्हणायचा नाही.

ओनोफ्रेच्या घरीही मेज होतं. नवं, गुळगुळीत. त्यावर तो, बायको बेनिता आणि मुलगा हिनेस, तिघं जेवत. जेवताना बोलायचं नाही. "तोंड एक आहे, एका वेळी एकच काम करेल," असं ओनोफ्रे म्हणायचा. शेवटचा घास गिळला की मनोऱ्याकडे चालता व्हायचा. त्याची पाठ वळली की बेनिता आपली खुर्ची काखोटीला मारून दिराच्या अंगणात.

एकदा त्याने तिला हटकलं. "रोज काय काम असतं गं तिकडे?"

"काही नाही."

"मग जातेस कशाला?"

"काही नसतं म्हणूनच जाते," बेनिता म्हणाली. "तुमच्या मेजावर माणूस जेवून घेतो. तिथे बसतो."

हे त्याला लागलं. मनोऱ्यावरून धाकट्याचं अंगण अगदी पायाखाली दिसतं. तुम्ही वर चढाल तेव्हा बघा, तुतीच्या जागी आता दुसरी तुती आहे, पण अंगण तेच. दुपारी सगळं गाव निपचित असतं, त्यामुळे आवाजही वर येतो. पण नुसता आवाज. शब्द भिंतींमधे विरघळतात. ओनोफ्रेला वर बसून हसणं ऐकू यायचं, कशावर हसतात ते नाही; नुसत्या टोप्या दिसायच्या, कोण बोलतंय ते कळायचं नाही. रोज. हसणं ऐकायचं आणि आपल्यावरच हसत असतील असं धरून चालायचं. ज्याला हा रोग झालाय त्याला औषध सांगायला जाऊ नका, तो तुमच्यावरच संशय घेईल.

वेळ माझी, आणि माणसं त्याची. हे काय म्हणून?

मग एका दुपारी त्याने काटा जागेवर यायच्या आधीच दोर ओढला.

काही झालं नाही. खाली हसणं मधेच तुटलं, खुर्च्या सरकल्या, माणसं उठली आणि उन्हात निघाली. एवढं सोपं होतं. सेलेदोनियोचं अंगण रिकामं झालेलं त्याने वरून पाहिलं आणि कित्येक महिन्यांनी पोट थंड झालं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा तेच केलं. नंतर घंटा दर दिवसाला थोडी थोडी अलीकडे यायला लागली. कापणीवाले तापलेल्या उन्हात जायला लागले. एका बाईचा डोळा सुजला, एक जण बांधावर ओकला. "यंदा ऊन फार," लोक म्हणायचे.

गावात फाकुंदा मावशी नावाची एक विधवा होती. तिला घड्याळ कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. तिचं घड्याळ म्हणजे तुतीची सावली. सावली सेलेदोनियोच्या उंबऱ्याला टेकली की उठायची घंटा होते, हे ती लग्न होऊन आली तेव्हापासून बघत आलेली. एकदा घंटा झाली तशी ती बसल्याजागी म्हणाली, "अरे, सावली अजून अंगणाच्या मध्यावर आहे. ओनोफ्रेला ऊन लागलं की काय?"

सगळे हसले. मेजाच्या टोकाला गावचे पंच बसायचे, चार पिकली डोकी. ते नाही हसले. त्यांनी सावलीकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि उठले. त्यांना कळलं होतं. घंटा लवकर होते म्हणजे जमीनदाराचं काम जास्त होतं, कारभारी खूश, आणि त्या हंगामात चौघांच्याही घरी त्याने धाडलेली, मिठात मुरवलेली डुकराची अख्खी तंगडी टांगली गेली होती. शिवाय घड्याळ म्हणजे गावची इभ्रत. इभ्रतीला खोटं कोण म्हणणार? बाकावरचे हे म्हातारे तुम्हाला ओनोफ्रेची गोष्ट सांगतील, पण त्या चौघांची सांगणार नाहीत. ते चौघं यांचेच पणजोबा.

आणि फाकुंदा मावशी? ती एकदा बोलली. लोक हसले म्हणून पुन्हा बोलली नाही. हेही लक्षात ठेवा.

आता हिनेस. ओनोफ्रेचा एकुलता एक. उंच, हडकुळा, विळा चालवण्यात गावात पहिला. घरी तोंडातून शब्द काढायचा नाही. "हो बाबा", "नाही बाबा", संपलं. ओनोफ्रेला वाटायचं पोरगं घुमं आहे, आपल्यावर गेलं. त्याला त्याचा थोडा अभिमानही होता म्हणे.

एक दिवस बेनिता अंगणातून आली ती डोळे पुसत. ओनोफ्रे घाबरला. "काय झालं?"

"हसून हसून पाणी आलं हो. हिनेसने आज कारभाऱ्याच्या खेचराची नक्कल केली. आधी खेचराची, मग कारभाऱ्याची, आणि मग म्हणतो, ओळखा कोण कोणतं!"

"कोण हिनेस?"

"कोण हिनेस म्हणजे? आपला! रोज तोच तर हसवतो सगळ्यांना."

इतके दिवस वर बसून ज्या हसण्याने ओनोफ्रे जळत होता ते त्याच्याच मुलाने पिकवलेलं होतं. आपल्या घरात मुकं असलेलं पोर भावाच्या अंगणात बोलतं. मेज गेलं, बायको गेली, त्याचं एवढं नाही वाटलं. हे मात्र वर्मी बसलं.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने स्वतःचाच नियम मोडला.

"आज काकाकडे काय सांगितलंस म्हणे?"

हिनेस चमकला. "काही नाही, बाबा."

"आई हसत आली. मलाही सांग."

"ते... तिथे आलं तसं आलं. आता नाही जमणार."

"का नाही जमणार?"

हिनेसने आईकडे पाहिलं, मग ताटाकडे. "तुम्ही बघताय ना म्हणून," तो म्हणाला.

पोराने खोटं सांगितलं नाही. खोटं सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता.

दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं, की चिमण्या विहिरीत उतरून बसल्या. म्हातारे म्हणतात त्या दिवशी मनोऱ्याची घंटा हाताला चटका देत होती. ओनोफ्रे वर बसून खाली बघत होता. मेजाभोवती सगळ्यांनी खुर्च्या एका बाजूला वळवल्या. हिनेस उठून उभा राहिला. त्याने एक हात वर केला, जसा दोर ओढायला करतात तसा, किंवा नुसताच. वरून कळेना. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं. ओनोफ्रेकडे जन्मात कोणी असं बघितलं नव्हतं.

सावली अंगणाच्या मध्यावरही आली नव्हती. त्याने दोर ओढला.

खाली काय झालं ते नंतर सगळ्यांनी सारखंच सांगितलं. हिनेस म्हणाला होता, "बाबा परवा मनोऱ्यावर—" आणि घंटा झाली. लोक कुरकुरत उठले. सेलेदोनियो ओरडला, "अरे, वाक्य तरी पुरं कर!"

"आल्यावर सांगतो, काका," हिनेस गवताची टोपी डोक्यावर दाबत म्हणाला. "वाक्य कुठे पळून जातंय?" त्यावरही लोक हसले. त्याच्या वाट्याला आलेलं शेत सगळ्यांत लांबचं. विळा खांद्यावर टाकून तो पुढे निघाला.

सूर्य कलल्यावर त्याला खेचरावर आडवा घालून आणला. पेंढ्या बांधता बांधता बसला, मग कलंडला, शेजारच्या ओळीतल्या माणसाला वाटलं डुलकी लागली. अंगाला हात लावला तर चुलीवरच्या तव्यासारखं. गावात आणेपर्यंत श्वास नव्हता. ओनोफ्रेच्या गुळगुळीत मेजावर तो मावेना, एवढा उंच. म्हणून त्याला आजोबाच्या मेजावर ठेवला, तुतीखाली. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन आले. या वेळी कोणाच्या हातात भाकर नव्हती.

ओनोफ्रे मनोऱ्यावरून उतरून आला आणि मुलाच्या पायाशी उभा राहिला. तेव्हा फाकुंदा मावशी दुसऱ्यांदा बोलली. जमिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "सावली इथे होती. इथे. आणि तू घंटा दिलीस."

चारही पंच खोकायला लागले. जबाबदार माणसांना अशा वेळी खोकला येतोच.

ओनोफ्रेने भावाला फक्त विचारलं, "काय सांगत होता?"

"'बाबा परवा मनोऱ्यावर.' एवढंच."

"पुढे?"

"पुढे घंटा झाली, दादा."

लोक त्याला घंटेच्याच दोराने बांधून वरून खाली फेकायला निघाले होते म्हणे. सेलेदोनियो मनोऱ्याच्या दारात आडवा झाला. म्हातारे याला धाकट्याचं मोठं मन म्हणतात. मला नाही वाटत. त्याने ओनोफ्रेचा चेहरा पाहिला होता आणि त्याला कळलं होतं, की या माणसाला जिवंत ठेवण्यासारखी शिक्षा नाही. "त्याला वर जाऊ द्या," तो म्हणाला. "घंटा कोणीतरी वाजवायला हवीच."

दुसऱ्या दिवशी हिनेसला पुरलं. शेतावर कोणी गेलं नाही, सगळे येऊन मेजाभोवती बसले. त्याची खुर्ची तशीच ठेवली. ओनोफ्रे वर गेला. या वेळी त्याने काट्याकडे पाहिलंच नाही. सावली बरोबर उंबऱ्याला टेकली तेव्हा दोर ओढला. खाली कोणीही उठलं नाही. सगळे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसले होते, जणू ती वाक्य पुरं करणार आहे. असं सांगतात, की तेव्हा तुतीची सावली उंबऱ्यावरच थांबली. पुढे सरकेना. ओनोफ्रेच्या मुलासाठी सूर्य थबकला, असं म्हणताना म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात. मला हे पटत नाही. सूर्य कोणासाठी थांबणारा असता तर आदल्या दिवशी थांबला असता.

पण ओनोफ्रे थांबला, हे खरं. त्याने दोर हातात धरून ठेवला. एक माणूस मनातलं वाक्य शेवटापर्यंत बोलेल, त्यावर बाकीचे हसतील किंवा रडतील, एवढा वेळ तो थांबला. मग त्याने दुसऱ्यांदा घंटा दिली. तेव्हा लोक उठले.

तोच त्याचा नवस. त्यानंतर मरेपर्यंत त्याने एकही घंटा एकदा दिली नाही. पहिली घंटा सांगते, वेळ झाली. दुसरी सांगते, आता उठा. मधला वेळ घड्याळाचा नाही, जमीनदाराचा नाही, तो बोलणाऱ्याचा. कारभारी चिडला, त्याने पंचांना बोलावून घेतलं, पण या वेळी कापणीवाल्यांनी विळे मेजावर ठेवले आणि फाकुंदा मावशीला विचारल्याशिवाय कोणी उन्हात पाऊल टाकेना. दुपार तेव्हापासून लांबली. दुपार लांबली म्हणून संध्याकाळ सरकली, संध्याकाळ सरकली म्हणून रात्रीचं जेवण सरकलं. तुम्ही काल रात्री खानावळीबाहेर पोटात कावळे ओरडत उभे होतात, ते यामुळे.

आणि ओनोफ्रे? तो घरोघरी फिरला. त्या दुपारी मेजाशी असलेल्या एकेकाला गाठून विचारायचा, पोरगं काय सांगणार होतं? लोहार म्हणाला, तुम्ही वर किती कष्ट करता ते सांगणार होता. कोणी म्हणालं, परवा तुम्ही मनोऱ्यावर कबुतराला पाणी पाजलं ते. दया म्हणून लोकांनी त्याला गोड गोड शेवट दिले. बाकावरचे आजही तेच देतात. मला विचाराल तर हिनेस बापाची नक्कल करणार होता. तो वर केलेला हात दुसऱ्या कशाला असेल? आणि त्याला तो हक्क होता. ओनोफ्रेलाही तेच वाटत असणार, कारण कोणाच्याच उत्तराने त्याचं समाधान झालं नाही. नक्कल असती तरी त्याला ती हवी होती. बेनिताने त्याला काहीच सांगितलं नाही. ती दिराच्या मेजाशी बसत राहिली.

काही वर्षांनी सेलेदोनियो मनोरा चढून वर गेला. दम खाऊन म्हणाला, "दादा, एकदा खाली येऊन बस. हिनेसची खुर्ची आहे."

ओनोफ्रेने दोर सोडला नाही. "आणि दुसरी कोण देणार?" तो म्हणाला.

धाकटा एकटाच पायऱ्या उतरून खाली गेला. ज्या वेळी गाव मेजाशी बसायचं त्याच वेळी ओनोफ्रे वर असायचा. खालून हसणं यायचं, शब्द यायचे नाहीत. आता तो हसणं संपायची वाट बघायचा, एवढाच फरक.

मागे घंटेला मोटर बसवली. शहरातून आलेल्या मेकॅनिकला दोनदा वाजणं म्हणजे बिघाड वाटला, त्याने काहीतरी फिरवून ती एकदा वाजेल असं केलं आणि बिल देऊन निघाला. त्या दुपारी घंटा झाली आणि गाव उठलंच नाही. दुकानं बंद, शाळेत बाई नाहीत, पोस्टात कोणी नाही. सगळे मेजाशी बसून दुसऱ्या घंटेची वाट बघत होते. मेकॅनिकची गाडी परत बोलवावी लागली. तो आला तेव्हा त्यालाही एक खुर्ची दिली.

आजही पेन्याकोर्वात प्रत्येक घंटा दोनदा होते. दोन घंटांच्या मधे इथे कोणी कोणाचं बोलणं तोडत नाही, मग बोलणारा कितीही मूर्ख असो. आजही कापणीच्या दिवसांत तुतीखाली एक जास्तीची खुर्ची मांडतात. बघा, पहिली झाली. कोणी हललं का? तुम्हाला कोणाला काही सांगायचं असेल तर आत्ता सांगून घ्या.

ओनोफ्रेचा मुलगा गेला, आणि त्याचं वाक्य पुढे काय होतं ते ओनोफ्रेला मरेपर्यंत कळलं नाही.